सगळं डावीकडे

दर शुक्रवारी सकाळी नऊ वाजता मी चौदा हजार लोकांना एक यादी पाठवते. आठवडाभर इंटरनेटवर भटकून वेचलेल्या गोष्टींची. फुटपाथच्या भेगांवरून कुणी तयार केलेली अक्षरं, शहरातले कोणते बाक आत्ता सावलीत आहेत ते सांगणारा एक चिमुकला प्रोग्रॅम, नऊ वर्षं रोज एकाच खुर्चीचं चित्र काढणारी एक बाई. पोटापाण्यासाठी मी पार्किंगच्या यंत्रांच्या स्क्रीन तयार करते. ‘पुढे’ हे बटण वर असावं की खाली, यावर चार माणसांशी तीन-तीन आठवडे वाद घालते आणि शेवटी साहेब म्हणतील तसंच होतं. ऑफिसात माझं कुणी ऐकत नाही. यादीत मात्र माझा शब्द चालतो.

यादीच्या तळाशी एक सदर असतं, ‘हसण्यावारी’. त्यात फसलेली डिझाइनं असतात: कुठेच न जाणारे जिने, उघडायला दोन माणसं लागतील असे डबे, डोळे दिपवणाऱ्या वेबसाइट. बहुतेक लोक यादी खालून वर वाचतात. आधी हसून घेतात, मग वेळ उरला तर खुर्चीवाल्या बाईकडे जातात. मला हे ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर माझाही सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. कौतुक दोन ओळींत उरकतं. टिंगल घासूनपुसून लख्ख करावी लागते.

‘खवट’ या टोपणनावाने मला पत्रं लिहिणारा एक जुना वाचक आहे. प्रत्यक्षात मी त्याला कधी पाहिलेलं नाही. नवशिके प्रोग्रॅम लिहिणारे जिथे एकमेकांना मदत मागतात अशा ठिकाणी तो पडीक असतो आणि मला माल पुरवतो. त्या गुरुवारी त्याने नुसती लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, ‘तुमच्यासाठीच बनलंय.’

मी ते पान उघडलं. हळदीसारखा पिवळाजर्द रंग. डाव्या कडेला फरशीएवढी पाच बटणं एकाखाली एक कोंबलेली, आणि उजवीकडचा निम्म्याहून जास्त पडदा ओसाड. चार बटणांवर चित्रं होती: पाण्याचा पेला, पंखा, खिडकी आणि पाऊल. पाचवं लालभडक, त्यावर फक्त ‘ये’. कुणी केलंय, कशासाठी केलंय, काही लिहिलेलं नव्हतं. मी ‘ये’ दाबलं. बटण हिरवं झालं, त्यावर ‘आलो’ असं उमटलं आणि पुन्हा लाल झालं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. बाकी काहीही घडत नव्हतं.

मी लिहिलं: ‘या कलाकाराला कुणीतरी सांगा की पडद्याला उजवी बाजूही असते. लाल बटण नक्की दाबून बघा. “ये” म्हटलं की “आलो” म्हणतं आणि कुणीही येत नाही. इंटरनेटचं याहून प्रामाणिक वर्णन मी आजवर वाचलेलं नाही.’

शेवटच्या वाक्यावर मी इतकी खूश झाले की स्वतःशीच दोनदा मोठ्याने वाचलं. लोकही खूश झाले. दुपारपर्यंत ते वाक्य आणि त्या पिवळ्या पानाचं चित्र मला अनोळखी लोकांकडून परत यायला लागलं. कुणी सांगितलं, ऑफिसात कंटाळा आला की ‘ये’ दाबतो. एकाने तर ते बटण आपोआप दाबत राहील असा प्रोग्रॅम लिहिला आणि मला पाठवला. मी त्याला शाबासकी दिली. शनिवारी यादीचे वाचक साडेपंधरा हजार झाले आणि मी दिवसभर फोन हातातून खाली ठेवला नाही.

ते पान माझ्या सख्ख्या मोठ्या भावाने केलेलं होतं, हे मला रविवारी कळलं.

दादा लिफ्ट दुरुस्त करतो. सव्वीस वर्षं तेच काम. स्वतः राहतो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. यावरून त्याची थट्टा करायची आमच्याकडे पद्धतच आहे, आणि त्याचं उत्तरही ठरलेलं, की घरी तरी सुट्टी नको का. सात महिन्यांपूर्वी वहिनीच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. तिचं बोलणं गेलं, उजवा हात गेला. मी इस्पितळात दोनदा जाऊन आले. घरी आल्यावर एकदाही गेले नाही. बसने तासाभराचं अंतर आहे. दर आठवड्याला जायचं ठरवायचे आणि दर आठवड्याला यादी असायची.

तीन महिन्यांपूर्वी त्याचा फोन आला होता. पडद्यावरचं बटण मोठं कसं करतात, असं विचारत होता. मी म्हटलं, एकदा सवड झाली की येते आणि दाखवते, तोवर हे वाच. आणि नवशिक्यांच्या त्या ठिकाणाची लिंक त्याला पाठवून दिली. त्याच फोनवर तो वहिनीच्या डोळ्यांबद्दलही काहीतरी बोलला. काय बोलला ते मला आठवत नव्हतं. दादाशी बोलताना माझा कान फोनला असतो आणि डोळे भलतीकडेच.

रविवारी सकाळी आईचा फोन आला. वहिनी काल घरात पडली, मनगट मोडलं, प्लास्टर घातलंय. दादाने तिच्यासाठी घंटीची काहीतरी सोय केली होती, ती ऐनवेळी बिघडली. त्याने अगदी हातपाय गाळलेत. मग आई म्हणाली, तू यातली जाणकार, निदान आता तरी जाऊन ये. ‘निदान’ हा शब्द तिने नेहमीच्याच आवाजात म्हटला, म्हणून जास्त लागला.

मी गेले. दादाने दार उघडलं. दाढी वाढलेली, अंगात कामावरचा निळा शर्ट, रविवार असूनही. ये, म्हणाला, आणि बाजूला झाला. बाहेरच्या खोलीतच पलंग होता. वहिनी उशांना टेकून बसली होती, डावा हात बोटांच्या मुळापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. पलंगाच्या डाव्या बाजूला, भिंतीत ठोकलेल्या लोखंडी पट्टीवर एक टॅब बसवलेला होता. त्याचा पडदा पिवळाजर्द होता.

पेला, पंखा, खिडकी, पाऊल. लाल बटण.

आणि यानंतर मी काय केलं ते सांगायलाच हवं. वहिनीला कशी आहेस म्हणून विचारलं नाही. बाथरूमला जाते म्हणाले, कडी लावली, आणि बादलीशेजारी उभी राहून फोनवरून तो मजकूर माझ्या वेबसाइटवरून काढून टाकला. चौदा हजार लोकांच्या पत्रपेट्यांत तो तसाच राहणार होता, हे मला कळत होतं. पण दादाने शोधलं तर सापडू नये, एवढंच त्या क्षणी माझ्या डोक्यात होतं. मग उगाच नळ सोडला आणि बाहेर आले.

दादाने सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो जवळपासच्याच इमारतींची कामं मागून घेतो. वहिनीने बटण दाबलं की घरात घंटी वाजते आणि त्याच्या फोनवरही, कोणतं बटण ते चित्रासकट. दहा मिनिटांत तो घरी पोचतो. दोन महिने रोज चाललं होतं. दिवसातून आठ-दहा वेळा, कधी नुसती खिडकी बंद करायला. शुक्रवारी सकाळी तो एका लिफ्टच्या टपावर उभा होता, तेव्हा फोन वाजायला लागला तो थांबेचना. ये, ये, ये. हातातलं काम टाकून धावत घरी आला, तर वहिनी शांत बसलेली आणि घरातली घंटी बोंबलतेय. त्याने तारा तपासल्या, जोडण्या उघडल्या, पुन्हा बसवल्या. शनिवारी सकाळीही तेच. तेव्हा त्याने घंटी बंद केली, फोनचा आवाज बंद केला, वहिनीला खुणेने सांगितलं की कोपऱ्यावरून नवा भाग घेऊन येतो, आणि खाली उतरला. वीस मिनिटं. तेवढ्यात तिने पाऊल दाबलं असणार, म्हणजे मला उठायचंय. कुणी आलं नाही, तेव्हा ती एकटीच उठली.

“आता तिला दाबायलाही हात नाही,” तो म्हणाला. “होता तो एक, तोही मी घालवला.”

वहिनी माझ्याकडे बघत होती.

दादाने टेबलावरून एक वही आणली. लिफ्टच्या कामात प्रत्येक इमारतीची एक वही असते. बिघाड कधी झाला, कारण काय, दुरुस्ती कुणी केली, खाली सही. कारणाचा रकाना कोरा ठेवून वही मिटायची नाही, हा त्या लोकांचा नियम. या घंटीचीही तशीच वही त्याने घरी ठेवली होती. शुक्रवारच्या पानावर त्याच्या मोठ्या, उभ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘घंटी सतत. कारण: माझा प्रोग्रॅम चुकला असावा.’ शनिवारी: ‘घंटी बंद ठेवली. ती पडली. कारण: मी.’ खाली सही.

“तुला यातलं कळतं, चिमे,” तो म्हणाला. घरात मला अजून चिमीच म्हणतात. “मला फक्त सांग, माझं कुठे चुकलं. नसेल जमत तर ही भानगड बंद करतो. तिच्या बहिणीने तिला तिकडे न्यायची तयारी केलीय. तिला जायचं नाही, पण मी तरी कोणत्या तोंडाने अडवू?”

वहिनीने मान हलवली. “नको,” ती म्हणाली. तिच्याकडे उरलेल्या चार-पाच शब्दांतला तो एक.

मी टॅब घेऊन बसले. दादाचा प्रोग्रॅम उघडला. ओबडधोबड होता, पण एकही चूक नव्हती. दर वेळी बटण दाबलं की वेळ नोंदवून ठेवायची सोयसुद्धा केली होती त्याने. दोन महिन्यांत पाचशे एकसष्ट नोंदी. शुक्रवारी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनंतर त्रेसष्ट हजार.

कुलूप का नाही लावलंस, मी विचारलं. तो म्हणाला, कुलूप लावलं तर तिला अक्षरं टाइप करावी लागतील, ती तिला जमत नाहीत. आणि त्या पत्त्यावर येऊन बसणार कोण? फक्त एकदा, बटण चालतं का ते बघा, म्हणून त्या नवशिक्यांमध्ये विचारलं होतं. दोघातिघांनी दाबून पाहिलं, छान चालतंय म्हणाले.

फक्त याच टॅबवरून दाबलं तरच घंटी वाजेल, बाकी कुणाचं ऐकायचं नाही, अशी सोय मी करून दिली. पाच मिनिटं लागली. तीन महिन्यांपूर्वी आले असते तरी पाचच मिनिटं लागली असती. दादाने घंटी चालू केली. ती गप्प राहिली. मग त्याने वहिनीची प्लास्टरबाहेर आलेली बोटं हलकेच धरून लाल बटणावर टेकवली, तेव्हा एकदाच, नीट वाजली. त्याचा जीव भांड्यात पडला. म्हणाला, “शेवटी शिकलेलं माणूस ते शिकलेलंच. पाच मिनिटांत!” आणि चहा टाकायला आत गेला. मी त्याची शाबासकी घेतली. नको म्हणायलासुद्धा तोंड उघडलं नाही.

आम्ही दोघीच उरलो. पडदा असा डाव्या कडेला का खेचलाय ते आता मला दिसत होतं, कारण मी पलंगाच्या उजवीकडे बसले होते आणि वहिनीला मला बघायला अख्खी मान वळवावी लागत होती. डोळे धड होते, पण उजवीकडचं जग तिला दिसतच नव्हतं. दादाने फोनवर तेच सांगितलं असणार. मी उठून तिच्या डाव्या बाजूला गेले.

तिने बोटांच्या टोकांनी टॅबवरचं पान सरकवलं. बराच वेळ लागला. मला मदत करावीशी वाटली आणि धीरही होईना. शेवटी तिने शुक्रवारची माझी यादी उघडली. दादा दर शुक्रवारी तिला ती काढून देतो हे मला माहीत नव्हतं. तिला वाचता येत नाही, ती चित्रं बघते. ती खाली खाली गेली, अगदी तळापर्यंत. तिथे तिचं पिवळं पान होतं, माझ्या नावाखाली.

“तू,” ती म्हणाली.

रागाने म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने पुन्हा त्या चित्रावर बोट ठेवलं, मग स्वयंपाकघराकडे मान वळवली, आणि नाही अशी मान हलवली. तिने त्याला दाखवलं होतं. शुक्रवारीच दाखवलं असणार, आणि त्याला कळलं नव्हतं. घंटी डोक्यावर बोंबलत असताना त्याने बघितलं असेल की चिमीच्या यादीत आपलं चित्र आलंय, एवढंच. एवढ्या गोंधळात वाचलं कुणी असेल? तीन दिवस ती एकटीच सगळं जाणून होती आणि तिच्याकडे सांगायला शब्द नव्हते. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं होणं वगैरे मी आजवर वाचलेलं होतं. तसं काही होत नाही. माणूस बसून राहतं आणि चहाचा वास येत राहतो.

दादा चहा घेऊन आला आणि कप ठेवून त्याने वही माझ्यापुढे सरकवली. बिघाड तू काढलास, तर कारणही तूच लिही, म्हणाला.

मी लिहिलं: ‘बाहेरून खूप लोकांनी बटण दाबलं.’ त्याने वाचलं. चष्मा वर केला, पुन्हा वाचलं.

“बाहेरून म्हणजे कुठून?”

सुटायला जागा होती. इंटरनेटवर असं होतं कधीकधी, एवढं म्हटलं असतं तरी त्याचा विश्वास बसला असता. त्याचा माझ्या प्रत्येक शब्दावर विश्वास बसतो. वहिनी बघत होती.

“माझ्या यादीतून,” मी म्हटलं. “मी टाकलं होतं ते. तुझं आहे हे माहीत नव्हतं. थट्टा म्हणून टाकलं. लोकांना सांगितलं, बटण दाबून बघा.”

त्याने टॅब हातात घेतला. तो सावकाश वाचतो, ओठ हलवत. माझी तीन-चार वाक्यंच होती, पण ती संपता संपेनात. शेवटच्या वाक्यापाशी तो थांबला. मला वाटलं, आता बोलेल. मला त्याचं बोलणं हवं होतं, शिव्या हव्या होत्या, काहीही चाललं असतं.

“म्हणजे बटण चालत होतं?” त्याने विचारलं.

“हो, दादा.”

“प्रोग्रॅमही बरोबर होता?”

“बरोबर होता. सगळं बरोबर होतं.”

तो पलंगाच्या डाव्या बाजूला जाऊन वहिनीशेजारी टेकला. “ऐकलंस?” तिला म्हणाला. “चालत होतं गं. पहिल्यापासून चालत होतं.” आणि सव्वीस वर्षं लिफ्टच्या टपावर उभा राहिलेला माझा भाऊ तोंडावर हात घेऊन रडला. तिने प्लास्टरचा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. माझ्याकडे दोघांनीही पाहिलं नाही. मी तिथे नव्हते असं नाही, फक्त ते दोघं जिथे होते तिथे माझी जागा नव्हती.

थोड्या वेळाने त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि टेबलापाशी आला. शनिवारच्या पानावरच्या ‘कारण: मी’ या शब्दांवर एक सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. त्यांच्या कामात खोडून काळं करायची मुभा नसते.

“सगळं डावीकडे का आहे, एवढं तरी विचारायचंस,” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. “बाकीच्यांचं सोड. तुझं कामच ते आहे ना?”

मी हो म्हटलं. त्याने पेन माझ्या हातात दिलं आणि रेघेखालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. मी माझं नाव लिहिलं, घरातलं नाही, पूर्ण, आणि खाली सही केली. त्याने ती नीट बघितली, शेजारी तारीख टाकली आणि वही मिटली.